शंभर रुपयांमागे एक पैसा

चार आण्याचं नाणं आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून व्यवहारातून गेली. रोखे बाजारात मात्र पैसा अजून जिवंत आहे. तिथे त्याला बेसिस पॉइंट म्हणतात: वर्षाला शंभर रुपयांमागे एक पैसा व्याज. इतकासा फरक कुणाच्या खिजगणतीतही नसेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं.

2025-26च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने रोखे विकून 14.82 लाख कोटी रुपये उभे करायचं ठरवलं. वर्षभर रात्रंदिवस, दर सेकंदाला सुमारे 4 लाख 70 हजार रुपये. या रकमेवर व्याजाचा दर एका पैशाने वाढला, तर वर्षाला 148 कोटी रुपये जास्त मोजावे लागतात, आणि रोखा जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं मोजावे लागतात. त्याच अर्थसंकल्पात 50.65 लाख कोटींच्या एकूण खर्चापैकी 12.76 लाख कोटी निव्वळ व्याजाचे होते, म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा नंबर उरलेल्या पंचाहत्तर पैशांत.

हा दर ठरतो रिझर्व्ह बँकेच्या लिलावात, बहुधा शुक्रवारी. साडेदहाला बोली सुरू होते, साडेअकराला बंद. बँका, विमा कंपन्या आणि मोठे फंड तासाभरात हजारो कोटींचा सौदा पैशापैशावर लढवतात. याच लिलावात आपल्यासारख्यालाही जागा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. नोव्हेंबर 2021पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर खातं उघडून किमान 10,000 रुपयांचा सरकारी रोखा घेता येतो. दर मोठ्यांनी भांडून ठरवायचा, आपल्याला त्यांच्या सरासरी भावाने रोखा मिळतो. मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

दहा हजारांवर तो एक पैसा म्हणजे वर्षाला एक रुपया. मग आपल्याला त्याचं काय? इथे काळ मधे येतो. सरकारने 2023च्या नोव्हेंबरात प्रथमच पन्नास वर्षांचा रोखा काढला: व्याज 7.46 टक्के, मुदत 2073पर्यंत. दहा हजार गुंतवले तर दर सहा महिन्यांनी 373 रुपये, असे शंभर हप्ते. ते खर्च केले तर मुद्दल धरून हाती एकूण 47,300 येतात. प्रत्येक हप्ता त्याच दराने पुन्हा गुंतवत गेलं, तर कर बाजूला ठेवून होतात 3 लाख 89 हजार. दर 6.46 टक्के असता, तर 2 लाख 40 हजार. शंभरामागे एका रुपयाने दीड लाखाची दरी पाडली.

पोस्टात दामदुप्पट व्हायची वाट पाहणाऱ्या पिढीने हे अनुभवलं आहे. 1988 साली किसान विकास पत्र आलं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. साडेसात टक्क्यांच्या दराने 115 महिने लागतात. पहिल्या वेगाने 55 वर्षांत हजाराचे 10 लाख 24 हजार होतील, दुसऱ्या वेगाने जेमतेम 53 हजार. अर्थात तेव्हा महागाईही तशीच पळत होती, म्हणून त्या दरासाठी फार हळहळू नये.

आणि सरकारी रोख्याचे पैसे बुडत नाहीत, म्हणून त्याची किंमत हलत नाही असं मुळीच नव्हे. उद्या बाजारातला दर एक टक्क्याने चढला, तर 2073चा शंभराचा रोखा विकताना सुमारे 88 रुपयेच मिळतील; नवा रोखा जास्त व्याज देत असताना जुना पुऱ्या किमतीला कोण घेणार? दर तितकाच उतरला तर 115 मिळतील. सरकारच्या 364 दिवसांच्या अल्पमुदती रोख्यात, म्हणजे ट्रेझरी बिलात मात्र हाच एक टक्का किमतीत रुपयाभराचाही फरक पाडत नाही. मुलीच्या शिक्षणाला पाच वर्षांनी पैसे लागणार असतील, तर ते पन्नास वर्षांच्या रोख्यात घालू नका. पोस्टात राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत बरोबर पाच वर्षांची असते.