मोटारगाडीची किल्ली

मोटारगाडीचे दार उघडणे आणि तिचे एंजिन सुरू करणे या दोन कामांसाठी वापरण्यात येणारे साधन. बोलण्यात रूढ असलेला ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे. पूर्वी ही दोन्ही कामे खाचा पाडलेल्या एकाच धातूच्या पात्याने होत. आधुनिक गाड्यांत दार उघडण्याचे काम पात्याने होऊ शकते. एंजिन सुरू करण्याचे काम मात्र इलेक्ट्रॉनिक ओळखीवर अवलंबून असते. त्यामुळे जादा किल्लीने दार उघडले, तरी गाडी सुरू होईलच असे नाही.

इतिहास : लायनस येल (धाकटे) यांनी खिळ्यांच्या दंडगोल कुलपाची एकस्वे १८६१ व १८६५ मध्ये घेतली. सपाट पात्याच्या आजच्या किल्लीचा उगम या कुलपात आहे. आरंभीच्या मोटारगाड्या हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक (स्टार्टर) आला. त्यानंतरही बराच काळ किल्लीने फक्त प्रज्वलन मंडल जोडले जाई व आरंभकासाठी वेगळी कळ किंवा पायपट्टी असे. किल्ली फिरवताच एंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये प्रचारात आणली. पुढे किल्ली काढल्यावर सुकाणूचक्र अडकवून ठेवणारे कुलूपही तिला जोडले गेले.

नुसत्या धातूच्या किल्लीची नक्कल करणे सोपे असल्याने चोरीला पुरेसा आळा बसत नसे. म्हणून जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युत् रोधक बसविला. त्याचे मूल्य जुळल्याखेरीज एंजिन सुरू होत नसे. नंतर रोधकाची जागा सांकेतिक क्रमांक धारण करणाऱ्या चकतीने (चिप) घेतली. यूरोपीय संघात नव्या मोटारींना अशी एंजिनरोधक यंत्रणा १९९८ पासून सक्तीची झाली. भारतीय गाड्यांतही ती आता सर्रास आढळते.

रचना व कार्य : मोटारीच्या कुलपात बहुधा स्प्रिंगवर बसविलेल्या पातळ पत्र्या असतात. योग्य पाते आत सरकवले की सर्व पत्र्या दंडगोलाच्या पृष्ठभागाशी समतल होतात व दंडगोल फिरू शकतो. एकही पत्री वर किंवा खाली राहिल्यास तो अडतो. एंजिनरोधक यंत्रणेत प्रज्वलन कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून सु. १२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्याच क्षेत्रातून शक्ती घेऊन किल्लीच्या मुठीतील चकती आपला संकेत पाठविते. या चकतीस स्वतःचा विद्युत् घट लागत नाही. संकेत जुळला नाही, तर एंजिन सुरू होत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. बाजारातील किल्लीवाल्याने कानशीने किंवा यंत्रावर केलेली साधी नक्कल दार उघडते, पण गाडी सुरू करू शकत नाही, याचे कारण हेच. नवी चकती गाडीच्या नियंत्रकात नोंदवून घ्यावी लागते.

आणीबाणीतील वापर : कळ दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या दूरनियंत्रकात धातूचे एक पाते दडविलेले असते. नियंत्रकातील छोटा घट (बहुधा ३ व्होल्टचा) संपला की लहानसा खटका सरकवून ते बाहेर काढतात. चालकाच्या दाराच्या मुठीवरील छिद्र पुष्कळदा टोपणाखाली झाकलेले असते. पात्याने दार उघडताच काही गाड्यांत धोक्याचा भोंगा वाजू लागतो. ओळख पटलेल्या किल्लीने गाडी चालू केल्यावर तो थांबतो. एंजिन सुरू करण्यासाठी ब्रेक किंवा क्लच दाबून दूरनियंत्रक आरंभक कळीला टेकवितात. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच नेमलेली असते. घट संपलेला असला, तरी चकती वेटोळ्याच्या क्षेत्रातून शक्ती घेते व ओळख पटते. गाडीची मुख्य बॅटरीच उतरली असेल, तर पात्याने चालकाचे दार तेवढे उघडते. मग आतील खटक्याने बॉनेट उघडून दुसऱ्या बॅटरीची जोड द्यावी लागते.

किनारी भागातील निगा : दूरनियंत्रकाच्या सोयीमुळे दारातील कुलूप वर्षानुवर्षे फिरविले जात नाही. पालघर, बोईसर व तारापूर हा पालघर जिल्ह्याचा (स्थापना १ ऑगस्ट २०१४) पट्टा अरबी समुद्रालगत आहे. सातपाटी, केळवे, चिंचणी या किनाऱ्यांवरील खारा वारा आणि जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा यांमुळे कुलपातील जस्ताच्या मिश्रधातूचे, पितळेचे व पोलादाचे भाग गंजतात. पत्र्या जागच्या जागी चिकटतात. अशा वेळी जोर केल्यास पाते कुलपात मोडते. म्हणून वर्षातून दोन-तीनदा तरी, विशेषतः पावसाळ्यापूर्वी व नंतर, कुलूप किल्लीने फिरवून पाहणे व त्यात ग्रॅफाइटाची पूड किंवा कुलपासाठीचे वंगण घालणे हितावह असते. खाद्य तेल वापरू नये. त्यात धूळ धरून चिकटा तयार होतो.

या पट्ट्यातील अनेक नोकरदार गाडी स्थानकाजवळ ठेवून पश्चिम रेल्वेने मुंबईकडे जातात. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या एप्रिल २०१३ पासून धावू लागल्या. तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुवीज केंद्र येथे पाळ्यांमध्ये काम चालते. रात्री पाळी सुटल्यावर किल्ली चालेनाशी झाली, तर अधिकृत कार्यशाळा उघडी सापडत नाही. म्हणून दुसरी किल्ली गाडीतच न ठेवता घरी किंवा विश्वासू माणसाकडे ठेवणे योग्य. नव्या गाडीसोबत किल्ली-क्रमांकाचा बिल्ला मिळाल्यास तोही गाडीबाहेर जपावा. क्रमांकावरून पाते पुन्हा कापता येते. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. यास्तव किल्ली हरवताच पोलिसांत नोंद करणे आणि हरवलेल्या चकतीचा संकेत नियंत्रकातून पुसून घेणे आवश्यक असते.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सु. १० अंश से. वाढू शकते. लहान मूल आत अडकल्यास आणि जादा किल्ली तत्काळ मिळण्यासारखी नसल्यास मुलापासून दूरची काच फोडणे हाच मार्ग उरतो. वापरात नसलेल्या किल्लीचे महत्त्व अशा प्रसंगी ध्यानात येते.