पाटी लावली, पण दिसते का?
(लेखमाला : स्मृतिभ्रंश आणि आपण)

गेल्या आठवड्यात कायद्याची बाजू पाहिली. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. चांगलंच झालं. पण त्या पाट्या वाचणार नातेवाईक आणि तपासणीला येणारे अधिकारी. ज्याला आपली खोली कोणती हेच आठवत नाही, त्याच्यासाठी भिंतीवर काय हवं, हा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं असं की, वृद्धाश्रमाचा किंवा शुश्रूषा केंद्राचा दर्जा पाट्या मोजून ठरवू नये. तिथला माणूस कुणाला न विचारता संडासापर्यंत पोचतो का, यावरून ठरवावा.

याला आधार आहे. अमेरिकेत नमाझी आणि जॉन्सन या संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अल्झायमरच्या रुग्णांवर अभ्यास केले. संडास नजरेच्या टप्प्यात असला, तर त्याचा वापर कितीतरी पटींनी वाढतो, असं त्यांना आढळलं. कपडे खराब होण्याचं कारण दर वेळी आजारच नसतं, तर कित्येकदा जागा दिसत नाही एवढंच असतं. म्हणून पाटीआधी दार. खाटेवरून ते दिसावं, भिंतीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाचं असावं, आणि अडगळीच्या खोलीचं दार मात्र भिंतीच्याच रंगात मिसळून जावं. पाटी साधारण चार फुटांवर लावावी, कारण पाठीतून वाकलेल्या माणसाची नजर वर जात नाही. दाराच्या चौकटीवरची पाटी त्याच्या लेखी नसतेच. अक्षरं मोठी, पृष्ठभाग न चमकणारा. चकाकणारी फरशी ओली वाटते आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, तेव्हा पाटी अचूक असूनही पाऊल पुढे पडत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा विचार आणखी पुढे न्यावा लागतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. अकोले किंवा जामखेडच्या ज्या आजी शाळेत गेल्याच नाहीत, त्यांना 'प्रसाधनगृह' ही पाटी कितीही मोठी केली तरी उपयोगाची नाही. झग्यातल्या बाईची आकृतीही परकीच. बैठकीचा संडास, शेजारी बादली आणि टमरेल असं चित्र त्यांना ओळखू येण्याची शक्यता अधिक. या पिढीचं बरंचसं आयुष्य परसाकडे जाण्यात गेलं. अशा आजी बाहेरच्या दाराकडे निघाल्या की आपण 'भटकतात' अशी नोंद करतो. त्या संडासच शोधत नसतील कशावरून? खोलीच्या दाराशी नुसत्या क्रमांकाऐवजी स्वतःचीच एखादी जुनी वस्तू हवी : वारीतले टाळ, साखर कारखान्यातलं ओळखपत्र, तरुणपणचा फोटो. आजचा चेहरा अनोळखी वाटू शकतो, जुना पटकन ओळखू येतो.

यावर संचालक म्हणतात, आमच्या मावशी हात धरून नेतात, पाटी कशाला? दिवसा नेतातही. रात्री एका मावशीच्या वाट्याला किती खाटा येतात, हे त्यांनाच ठाऊक. शिवाय हात धरून नेलेल्या माणसाची स्वतः जाण्याची सवय लवकर सुटते. आजार वाढणारच, मग खर्च वाया, असंही ऐकू येतं. पण एका दाराला रंग आणि एक चित्र यांचा खर्च तो किती? महिन्याभराच्या डायपरांच्या खर्चाशी ताडून पाहावा.

खरी अडचण बाहेरच्या दाराची आहे. माणूस हरवू नये म्हणून ते भिंतीसारखं रंगवून लपवावं, अशी शिफारस परदेशी पुस्तकांत असते. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहिल्यानगर शहरातल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर इथे ती शिफारस जशीच्या तशी घेता येणार नाही. दार लपवायचंच असेल, तर वरचा दिवा लावलेला 'बाहेर' फलक झाकू नये, कुलूप घालू नये. दार उघडताच वाजणारी घंटा बसवावी, आणि रात्रपाळीच्या प्रत्येकाने ते दार अंधारात एकदा तरी उघडून पाहिलेलं असावं.