सहा सिलिंडरची गाडी आणि सायलेन्सरची निवड

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मळवलीत दोन प्रकारची गर्दी येते. एक लोकलमधून उतरते आणि एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे लेणी, लोहगड, विसापूरच्या वाटेला लागते. दुसरी स्वतःच्या गाड्यांनी येते. त्यातल्या काही गाड्या दिसण्याआधीच ऐकू येतात. आमच्या शाळेतली मोठी मुले तर नुसत्या आवाजावरून गाडीचे नाव सांगतात. हेच वेड मग घरात शिरते. आधी बुलेटचा सायलेन्सर बदलायचा हट्ट होतो आणि पुढे चार पैसे हाती आले की मोटारीचा.

आठ-दहा वर्षे वापरलेली मोठी जर्मन गाडी आज नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळून जाते. त्यातल्या काहींना सहा सिलिंडरचे इंजिन असते. गाडी घरी येते आणि महिन्याभरात कमावता मुलगा म्हणतो, "अब्बा, कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवू या. पॉवर वाढते आणि आवाजही भारी येतो." असा प्रश्न आपल्याही घरात उभा राहू शकतो. तेव्हा त्याला नुसते "नाही" म्हणण्यापेक्षा गोष्ट समजून घेऊन बोलणे बरे.

सहा सिलिंडरचा आवाज वेगळा का?

इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेरीला एक ठोका पडतो. सहा असतील तर दर तिसऱ्या हिश्शाला. ठोके जवळजवळ आणि समान अंतराने पडत असल्यामुळे हे इंजिन मऊ चालते. सहाही सिलिंडर एका ओळीत असतील तर पेट घेण्याचा क्रम सहसा १-५-३-६-२-४ असा असतो. म्हणजे एक ठोका पुढच्या तिघांतला, तर दुसरा मागच्या तिघांतला. म्हणून पुढच्या तिघांची नळी एक आणि मागच्या तिघांची दुसरी अशी जोडणी करून त्या पुढे एकत्र आणतात. इंजिन इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे असेल तर तीन सिलिंडर एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतात. त्यांच्या दोन नळ्या मधे कुठेच जोडल्या नाहीत तर आवाज खरखरीत येतो. म्हणून त्यांच्यामध्ये आडवा दुवा देतात.

हे सगळे गणित कंपनीने आधीच बसवलेले असते. बाजारात मिळणारा सेट घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की तो नेमक्या याच इंजिनासाठी बनवला आहे, की चार सिलिंडरच्या गाडीचा डबा वेल्डिंग करून इथे बसवणार?

पॉवर खरोखर वाढते का?

आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे वाटते, कारण कान मनाला तसे सांगतात. प्रत्यक्षात मागचा डबा आणि शेपटीची नळी बदलून मिळणारा फायदा अगदी थोडा असतो. नळी गरजेपेक्षा जाड घेतली तर धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ कमी होऊ शकते. खंडाळ्याचा घाट घरच्या पाच माणसांसह आणि सामानासह चढताना हीच ओढ कामी येते.

दुसरा त्रास घुमण्याचा. एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या वेगाने जाताना मोठ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण २,००० फेरे घेते. सहा सिलिंडरच्या इंजिनात तेव्हा सेकंदाला १०० ठोके पडतात. सायलेन्सर नीट नसेल तर हाच सूर गाडीच्या आत घुमत राहतो. पाच मिनिटे गंमत वाटते. पुण्यापर्यंत मात्र मागे बसलेल्या अम्मीचे डोके दुखू लागते आणि मांडीवरचे बाळ झोपत नाही. म्हणून दुकानाच्या दारात रेस देऊन ऐकलेल्या आवाजावर निर्णय घेऊ नये. तोच सेट बसवलेल्या गाडीतून मागच्या सीटवर बसून तासभर फिरून पाहावे.

ज्याला हात लावू नये असा भाग

इंजिन आणि मागचा डबा यांच्यामध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'कॅट' म्हणतात. त्याच्या आत जाळीदार भाग असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले इंधन यांचे रूपांतर तिथे कमी घातक वायूंत होते. जास्त पॉवरच्या नावाखाली हा भाग काढून सरळ नळी टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकू नये. कॅट काढला की सेन्सर डॅशबोर्डवर दिवा पेटवतात, पीयूसी अडते आणि धूर आपल्याच गल्लीतली मुले श्वासातून आत घेतात.

यात अमानतीचाही प्रश्न आहे. आपल्या समाजातली अनेक मुले गॅरेजमध्ये कष्टाने हुनर शिकून घर चालवतात. गाडीतून काढलेला कॅट भंगारात चांगल्या किमतीला जातो. ज्याची गाडी त्याचा भाग, हे मालकाने आणि मिस्त्रीने दोघांनीही ध्यानात ठेवावे. ग्राहकाने पैसे देऊ केले तरी "हे काम आमच्याकडे होत नाही" असे म्हणणारा मिस्त्री एक दिवसाची मजुरी गमावतो, पण हलाल रोजीची इज्जत राखतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम उचलून धरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय तीन महिने लायसन्सही जाते.

प्रवासी मोटारीची मर्यादा ७४ डेसिबल आहे. नवीन मॉडेलची तपासणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते. गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून आवाज मोजतात. आकड्यांत एक मेख आहे. ७४ चे ८४ झाले तर दहाच वाढले असे वाटते, पण आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो जवळजवळ दुप्पट लागतो. वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. रात्री अकराला गल्लीत शिरणारी अशी गाडी किती घरांची झोप मोडते याचा हिशेब यावरून करता येईल. आजारी माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी हे सारे शेजारीच असतात. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. तो हक्क सायलेन्सरपाशीही लागू होतो.

पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो, हे वेगळेच.

मग बदलायचाच असेल तर?

मूळ सायलेन्सर सडला म्हणून बदलणे भागच पडते, असेही होते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. गाडी रोज शाळा-बाजारापुरतीच चालली तर डबा नीट तापत नाही, पाणी आत साचते आणि डबा आतून गंजतो. बाहेरून लोणावळ्याचा पाऊस असतोच. अशा वेळी हे पाहावे :

• शक्यतो कंपनीचा किंवा त्याच तपशिलाचा भाग घ्यावा. आवाज मूळ सायलेन्सरपेक्षा जास्त नसावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.
• बदल फक्त कॅटच्या मागच्या भागात करावा.
• साध्या लोखंडापेक्षा स्टेनलेस स्टील टिकते. त्यातही ३०४ प्रतीचे ४०९ पेक्षा गंजाला जास्त दाद देत नाही. आपल्याकडच्या पावसात हा जादा खर्च वाया जात नाही.
• रबरी हँगर नवे घालावेत. गाडीत सगळे बसल्यावर डबा गतिरोधकाला घासत नाही ना, ते पाहावे.
• प्रत्येक जोड आणि गॅस्केट तपासून घ्यावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घाटातल्या कोंडीत काचा बंद, एसी सुरू आणि मुले झोपलेली असताना गळका जोड जीव घेऊ शकतो.
• काढलेले भाग घरी आणावेत.

मुलाच्या हौसेला दुसरी वाटही आहे. त्याच पैशांत चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल येते. जुनी मोठी गाडी स्वस्तात मिळाली तरी तिची देखभाल मोठ्या गाडीसारखीच महाग असते. ओल्या घाटात वेळेवर थांबणारी गाडी घरच्यांना सुखरूप घरी आणते. सहा सिलिंडरचे इंजिन मऊ आणि शांत चालावे म्हणून तर बनवलेले असते. ती शांतता विकत घेतल्यावर पुन्हा पैसे मोजून ती घालवायची कशाला, एवढेच मुलाला शेजारी बसवून विचारावे.