गेंड्यावर सापडली, मोतीच्या कानात नांदली!

मोती सारखे कान फडफडवतोय, पंजे चाटून चाटून तांबूस करतोय आणि अंघोळ घालूनही त्याला कुबट वास येतोय? मग ‘मॅलॅसेझिया पॅकिडर्माटिस’ या बाईंची ओळख करून घ्या. ही यीस्ट प्रकारातली बुरशी. नाव अवघड असलं तरी गोष्टी मजेदार आहेत.

पहिला मान गेंड्याचा: कुत्र्यांना छळणारी ही बुरशी पहिल्यांदा हाती लागली ती भारतीय गेंड्यावर! त्याच्या कातडीचे पापुद्रे निघत होते. १९२५ मध्ये फ्रेड वाइडमन यांनी अमेरिकेत तिचं वर्णन केलं.

पावाची नव्हे, आळंबीची भाऊबंद: पाव फुगवणारं यीस्ट वेगळ्या कुळातलं, ही आळंबीच्या कुळातली. साखर आंबवणं हिला जमत नाही, हिला हवी चरबी. म्हणूनच त्वचेचा तेलकटपणा हिच्या पथ्यावर पडतो. तेव्हा मोतीने पाव खाल्ला म्हणून पावाला दोष देऊ नका.

कोंडा आमचाही: हिच्याच गणातल्या दोन बहिणी, ग्लोबोसा आणि रेस्ट्रिक्टा, माणसांच्या टाळूवर राहतात. आपल्या कोंड्यात त्यांचा हात असतो.

चोर घरातलाच: ही बुरशी सहसा शेजारच्या कुत्र्याकडून येत नाही. कान, ओठ, बोटांच्या बेचक्या इथे ती निरोगी कुत्र्यावरही गुपचूप राहते. ॲलर्जी, पिसवा, मंदावलेलं थायरॉइड, ओलसर राहणाऱ्या घड्या असं काही निमित्त मिळालं की ती माजते. मूळ कारण तसंच ठेवून नुसती बुरशी मारली, तर ये रे माझ्या मागल्या!

लाडक्या जाती: बॅसेट हाउंड, वेस्ट हायलँड टेरियर, कॉकर स्पॅनियल, शिह त्झू यांच्यावर हिची विशेष मर्जी. मांजरांत डेव्हन रेक्स आणि बिनकेसांचं स्फिंक्स. साध्या मांजराच्या अंगभर ती पसरली, तर मात्र डॉक्टर सावध होतात. कधी कधी त्यामागे थायमस किंवा स्वादुपिंडाची गाठ असते.

चिकटपट्टीची कमाल: तपासणी अगदी साधी. पारदर्शक चिकटपट्टी तेलकट त्वचेवर दाबायची, उचलायची, रंगवून काचपट्टीवर लावायची. हजारपट मोठं करून पाहिलं की भुईमुगाच्या शेंगांसारख्या जांभळ्या पेशी दिसतात. एक टोक फुगीर आणि त्यातूनच नवा कोंब फुटलेला.

दहा मिनिटांचा धीर: कुत्र्यांसाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेल्या शॅम्पूचा. आठवड्यातून दोनदा लावायचा आणि दर वेळी साधारण दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा. लावला की धुतला, तर फेसच काय तो झाला.

गजकर्ण वेगळं: मांजरांचं गजकर्ण बहुतेकदा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतं. ते घरातल्या माणसांनाही लागतं. मॅलॅसेझियाचा धडधाकट माणसाला सहसा त्रास नाही. पण अमेरिकेतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात अशक्त बाळांना हिचा संसर्ग झाला आणि माग काढल्यावर तीच बुरशी कर्मचाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यांवर सापडली. हा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याचे कान साफ केल्यावर हात धुवायचे, ते एवढ्यासाठी.

घरगुती प्रयोग नकोत: टी ट्री तेल कुत्र्या-मांजरांना, त्यातही मांजरांना, विषारी ठरू शकतं. पडदा फाटलेल्या कानात व्हिनेगर म्हणजे आगीत तेल. माणसांची किटोकोनाझोलची गोळी मांजराच्या यकृतावर उलटू शकते. तेव्हा वास आला की कपाटातली बाटली काढू नका, व्हेटकडे जा. औषध लिहून घेण्याआधी एकच आग्रह धरा: ‘डॉक्टर, आधी कानातला मळ मायक्रोस्कोपखाली बघूया!’