तालमींतील मुलें आणि वाढतीं हाडें

कोल्हापूर हें मल्लांचें नगर. राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबाग मैदान १९१२ सालचें. गंगावेस, मोतीबाग आदि तालमींत आजहि कोंवळ्या वयाचीं मुलें लाल मातींत उतरतात. तेव्हां कुस्तीनें उंची खुंटेल काय, ही शंका आईबापांच्या मनांत येणें साहजिक आहे.

हातापायांचें लांब हाड मधून वाढत नाहीं. तें टोकांजवळ वाढतें. तेथें कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यांत नव्या पेशी निर्माण होतात. जुन्या पेशींभोंवतीं चुन्याचे क्षार सांठतात आणि त्यांच्या जागीं हाड तयार होतें. बहुतेक मुलींत १४ ते १६ व मुलग्यांत १६ ते १८ वर्षांच्या सुमारास ही चकती हाडांत विलीन होते. मग लांबी वाढत नाहीं.

बेताच्या व्यायामानें ही वाढ खुंटत नाहीं. उलट हाड भक्कम होतें. धोका निराळाच आहे. वाढत्या वयांत ही चकती सांध्याच्या बंधांहूनहि नाजूक असते. मोठ्या माणसाचा जेथें सांधा मुरगळतो, तेथें मुलाची चकती भंगूं शकते. म्हणून सांध्याजवळ सूज असून बोट लावतांच कळ येत असेल, तर ‘लचक भरली’ असें समजून चोळूं नये. अवयव स्थिर ठेवून डॉक्टरांकडून क्षकिरण-तपासणी करवावी. दुर्लक्ष झाल्यास हाड वांकडें वा आंखूड राहण्याचा संभव असतो. वस्तादाचा हात अनुभवी खरा; परंतु ही चकती हाताला लागत नाहीं.