स्वर तेच, राग वेगळे : भूप, देशकार आणि भूपाळी

मराठी समीक्षेत संगीताच्या संज्ञा आपण सढळपणे वापरतो. त्यांपैकी 'लय' ह्या संज्ञेला मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय, समतोललय अशी काटेकोर मांडणी दिली. 'राग' मात्र बहुधा 'ठरावीक स्वरांचा संच' एवढ्याच अर्थाने गृहीत धरला जातो. भूप व देशकार हे राग शेजारी ठेवले, की ह्या समजुतीतील उणीव लक्षात येते.

दोहोंत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर. मध्यम आणि निषाद दोहोंतही वर्ज्य. पेटीवर दोहोंच्या पट्ट्या त्याच. तरीही जाणता श्रोता चार स्वरावलींतच राग ओळखतो. भूपात गंधार वादी. आलाप पूर्वांगात, मंद्र धैवताला स्पर्श करून गंधारावर विसावणारा. देशकारात धैवत वादी. विस्तार उत्तरांगात, तार षड्जाच्या आसपास. धैवतावर ठाम उभे राहून पंचमाकडे येणे ही त्याची खूण, तर ऋषभ तेथे दुर्बल. भूप गाताना धैवतावर जरा अधिक रेंगाळले, की देशकार डोकावू लागतो.

भातखंड्यांनी (१८६०–१९३६) दहा थाटांच्या व्यवस्थेत भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात घातला. ह्या दोन थाटांत भेद केवळ मध्यमाचा, आणि तोच स्वर दोन्ही रागांत नाही! म्हणजे येथे वर्गीकरणाचा आधार स्वरसंख्या नसून रागाचे चलन आहे. (त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मूळ मराठीत, गुरुशिष्य-संवादाच्या रूपाने लिहिलेली आहे, मराठी गद्याच्या अभ्यासकांनी तिची उपेक्षाच केली, असे वाटते.)

आपल्या विषयाशी ह्याचा थेट संबंध भूपाळीच्या निमित्ताने येतो. भूपाळी पहाटे, देवाला जागे करण्यासाठी म्हणावयाची. भूप राग मात्र संकेताने रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि सकाळ देशकाराची. भूप रागाला 'भूपाली' असेही म्हणतात, त्यामुळे 'भूपाळी म्हणजे भूप रागातील गीत' अशी टीप देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु भूपाळी हा रचनाप्रकार आहे. एखादी भूपाळी भूपात आहे, देशकाराकडे झुकते, की दोहोंपासून दूर आहे, हे तिची परंपरागत चाल ऐकून, सूर कोठे टेकतो ते पाहूनच ठरवावे लागेल. छापील संहितेत तो पुरावा सापडणार नाही.