पाठ येते, मग सांगता का येत नाही?

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर येतो. त्रिसरण, पंचशील तो पालीत एकही शब्द न चुकता म्हणतो. नांदेडहून लातूरला जाताना लागणारी लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे क्रमाने सांगतो. मात्र "लातूरला मामाकडे काय केलेस?" असे विचारले की गप्प! "मुद्दामच करतो," असे आम्हीही एकदा बोलून गेलो. ती आमची चूक होती.

हा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातही विलक्षण पाठांतराची नोंद आहे. परंतु पाठ केलेले आठवणे वेगळे आणि स्वतः अनुभवलेले आठवणे वेगळे. दुसऱ्यात कोण होते, आधी काय झाले, मला काय वाटले, हे सारे जुळवावे लागते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना तेच जड जाते. इंग्लंडमधील संशोधक डर्मॉट बाउलर यांच्या प्रयोगांत असे आढळले की, नुसते 'आठव' म्हटले तर स्वमग्न व्यक्ती मागे पडतात. खूण पुरवली तर पुष्कळ आठवते.

ही खूण आईवडिलांच्या हाती असते. "सांग, काय केलेस?" ही झाली उलटतपासणी. त्याऐवजी प्रवासाचे तिकीट किंवा फोटो मुलाच्या हाती द्यावा. "आपण एसटीने गेलो. खिडकीजवळ कोण बसले?" असे विचारून थांबावे. आपण फार लवकर बोलतो! मुलाने नुसते बोट दाखवले तरी ते उत्तर समजावे. एक पथ्य मात्र पाळावे : जे घडले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये. शाळेत कोणी मारले, रिक्षात कोणी वावगे वागले, तर ते घरी सांगता येणे याच सवयीवर अवलंबून आहे.

मागल्या जयंतीच्या मिरवणुकीत हा मुलगा रस्त्यावर आडवा पडून रडला होता आणि त्याबद्दल त्याने मारही खाल्ला होता. परवा आईने त्या दिवसाचा फोटो पुढे ठेवला. "इथे आपण उभे होतो. मग काय झाले?" बराच वेळ तो फोटोच पाहत राहिला. मग म्हणाला, "डीजे. कान दुखला."